कुत्र्याच्या अंगातून कोंडा पडतो: कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधरा वर्षं मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगतच्या गावांत कुत्री तपासतोय. साप चावलेली, गाडीखाली आलेली कुत्री लोक धावत घेऊन येतात. कोंड्याचा कुत्रा मात्र महिनोन्‌महिने घरीच राहतो. एका आजींनी आपला काळा कुत्रा टेबलावर ठेवून मला सांगितलं होतं, "डॉक्टरांनू, ह्येच्या आंगातसून पीठ पडता." खरोखरच नाचणी चाळल्यावर उडावं तसं त्याच्या पाठीवरून पांढरं उडत होतं. आजी आठ महिने त्याला रोज तेल चोळत होत्या. त्यांच्यासारखी माया करणाऱ्या माणसांसाठी ही उत्तरं लिहितो आहे.

कोंडा म्हणजे नेमकं काय? तो रोग आहे का?

रोग नव्हे, खूण आहे. कुत्र्याची कातडी साधारण तीन आठवड्यांत आतून वर नवी होत येते आणि वरचे मेलेले कण झडून जातात. ते इतके बारीक असतात की आपल्याला दिसत नाहीत. काही कारणाने कातडीला घाई झाली, की ते कण सुटे न होता एकमेकांना चिकटून पापुद्र्यासारखे पडतात. तेवढंच आपल्याला दिसतं. घाई का झाली हे शोधायचं असतं. नुसता "कोंड्याचं औषध द्या" म्हटलं तर देण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

थोडासा कोंडा मात्र निरोगी कुत्र्यालाही असतो. काळ्या अंगावर तो जास्त उठून दिसतो. केस बदलायच्या दिवसांत वाढतो. घाबरलेल्या कुत्र्याच्या पाठीवर तर दवाखान्याच्या टेबलावर पाच मिनिटांत कोंडा उठतो आणि घरी गेल्यावर दिसत नाही. खाज नाही, केस जात नाहीत, वास नाही, खाणंपिणं नीट आहे, तर काळजी करू नका.

कोकणात हवा इतकी दमट, मग कातडी कोरडी कशी पडेल?

हा प्रश्न बरोबर आहे, आणि बरीचशी चूक इथेच सुरू होते. कोरडी हवा हे कारण आपल्याकडे वर्षातून दीड-दोन महिनेच खरं असतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मतलई वारा सुटतो, ओठ फुटतात, तेव्हा कुत्र्याची पाठही थोडी सुकते. फ्लॅटमध्ये एसीत झोपणाऱ्या कुत्र्यांना तोच त्रास उन्हाळ्यात होतो. एरवी मे महिन्याच्या घामट हवेत किंवा श्रावणात कोंडा पडत असेल, तर हवेला दोष देऊ नका. खाणं, साबण, किडे किंवा बुरशी यांपैकी काहीतरी आहे.

कोंड्याचे ढोबळ दोन प्रकार धरा. सुका कोंडा भुरभुरीत असतो, केस रखरखीत लागतात, हात फिरवला की पांढरी पूड उडते. तेलकट कोंडा पिवळसर असतो, केसांच्या बुडाशी चिकटून बसतो, बोटांना ओशट लागतो आणि त्याला शिळ्या तेलासारखा आंबूस वास येतो. दमट हवेत दुसरा प्रकार फार. मालासेझिया नावाची बुरशी बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर थोड्या प्रमाणात असतेच. पावसाळ्यात अंग ओलं राहिलं, की काखा, जांघा, मानेची खालची घडी, बोटांच्या बेचक्या आणि कान इथे ती माजते. लोक दोन्हींना "कोरडी कातडी" म्हणतात आणि दोन्हींवर तेल लावतात.

घरच्या घरी काय बघता येईल?

चार गोष्टी बघा, दहा मिनिटं पुरतात.

काळं किंवा गडद कापड खळ्यात उन्हात पसरा, कुत्र्याला त्यावर उभं करा आणि बारीक दातांच्या फणीने पाठीवरून विंचरा. पडलेल्या कोंड्याकडे मिनिटभर नुसतं बघत राहा. देवगडजवळच्या एका घरी दोन महिन्यांच्या पिल्लाचा कोंडा मी असा कापडावर घेतला होता. घरातली लहान मुलगी वाकून बघत होती. तीच आधी ओरडली, "हा चालतोय!" पांढरा कण कापडाच्या एका धाग्यावरून दुसऱ्या धाग्यावर सरकत होता. तो कायलेटिएला नावाचा किडा. भिंगाशिवायही त्याची हालचाल कळते, म्हणून त्याला चालता कोंडाच म्हणतात. त्या मुलीच्या हातांवर आणि पोटावर लाल पुरळ होतं, आणि घरच्यांना ते डास चावल्याचं वाटत होतं.

मग कंबरेवरचे, शेपटीच्या बुडाजवळचे केस बाजूला करा. काळी रवाळ घाण दिसली तर ती ओल्या पांढऱ्या कापडावर टेका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे. त्यात कुत्र्याचं पचलेलं रक्त असतं. तो डाग दिसला की पिसू दिसण्याची वाट बघू नका.

कानाच्या पाळीची कड अंगठा आणि बोटात धरून हलकेच चोळा. कुत्रा मागचा पाय झाडायला लागला आणि त्या कडेवर खपल्या असतील, तर खरजेचा संशय घ्या. ही खूण शंभर टक्के पक्की नाही, पण मला तिने पुष्कळदा वाट दाखवली आहे.

शेवटी वास घ्या. कानाचा, पंजाचा, काखेचा. संकोच करू नका.

खोबरेल लावू का?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. घरचं नारळाचं तेल, तेही घाण्यावर काढलेलं, म्हणजे त्यात वाईट काय असणार, असं वाटणं साहजिक आहे. माणसाच्या डोक्याला ते चालतं. कुत्र्याच्या बाबतीत दोन अडचणी आहेत.

पहिली अशी की वर सांगितलेली मालासेझिया बुरशी स्निग्ध पदार्थांवर जगते. तेलकट कोंड्यावर तेल चोळणं म्हणजे तिला वाढून देणं. एक पिवळा लॅब्रॅडोर श्रावणात माझ्याकडे आला होता. घरचे त्याला दिवसातून दोनदा खोबरेल लावत होते. पोटाची कातडी हत्तीच्या कातडीसारखी जाड आणि काळी पडलेली, गळ्यातला पट्टा ओशट, आणि वासामुळे घरात घेता येईना म्हणून बिचारा मांगरात बांधलेला. तेल बंद करून औषधी शांपू आणि गोळ्या सुरू केल्यावर सहा आठवड्यांनी तो पुन्हा पडवीत झोपायला लागला.

दुसरी अडचण चाटण्याची. अंगाला लावलेलं तेल कुत्रा पोटात घेतोच. थोडं गेलं तर पातळ होतं, जास्त गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते.

खरा सुका कोंडा असेल, वास नसेल, तर कोपराच्या सुकलेल्या घट्ट्यावर बोटभर तेल लावायला माझी ना नाही. अंगभर नको.

मग भिरंडेल? पंजे भेगाळले आहेत.

चालेल. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, त्याचा घट्ट गोळा हातावर घासून पातळ थर पंजाच्या गादीवर आणि सुकलेल्या नाकावर लावा, दहा मिनिटं कुत्र्याला चाटू देऊ नका. गाद्या फार जाड होऊन सोलत असतील, किंवा त्याबरोबर डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला खपल्या असतील, तर मात्र ती नुसती भेग नाही. दाखवून घ्या.

आमच्या अंगाच्या साबणाने धुतलं तर?

नको. माणसाची कातडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची जवळजवळ उदासीन. कातडीही आपल्यापेक्षा पातळ. अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, भांड्यांचं लिक्विड यांनी वरचा तेलाचा नैसर्गिक थर निघून जातो, आणि दोन दिवसांनी कोंडा दुप्पट दिसतो. माणसांचा कोंड्याचा शांपूही नको. पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतायची सवय बऱ्याच घरांत आहे, तीही सोडा. त्याने कातडी चुरचुरते.

आंघोळ घालायची तरी कशी आणि किती वेळा?

निरोगी कुत्र्याला महिन्यातून एकदा पुरे. सुक्या कोंड्याला ओट्सचा किंवा ओलावा धरणारा कुत्र्यांचा शांपू, आठवड्यातून एकदा. बुरशीच्या तेलकट कोंड्याला क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनाझोल असलेला औषधी शांपू, सुरुवातीचे तीन आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढे डॉक्टर सांगतील तसं कमी.

आधी कोरड्या अंगावर विंचरून सुटे केस आणि कोंडा काढून टाका, म्हणजे औषध कातडीपर्यंत पोचतं. बंबातलं पाणी कोमट करून घ्या, कढत पाण्याने कातडी आणखी सुकते. कानात कापसाचा बोळा. मानेभोवती आधी फेसाचं कडं करा, नाहीतर पिसवा तोंडाकडे पळतात. मग खाली या आणि काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या विसरू नका. फेस अंगावर दहा मिनिटं राहू द्या. ही दहा मिनिटं घड्याळ लावून मोजा, कारण शांपूने गुण आला नाही म्हणणाऱ्या दहांतल्या आठ घरांत फेस दोन मिनिटांत धुतलेला असतो. तेवढा वेळ त्याच्याशी बोलत बसा, थंडीत असाल तर उन्हात बसा. नंतर बोटांना बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत धुवा. अंगावर राहिलेला शांपू स्वतःच कोंडा करतो.

पुसायला जुना सुती पंचा उत्तम. घासू नका, टिपा. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ होतं. तसं असेल तर निदान शेवटच्या दोन बादल्या गोड्या पाण्याच्या घ्या.

आमचा कुत्रा रोज समुद्रात जातो. खाऱ्या पाण्याने खरूज बरी होते म्हणतात, खरं का?

नाही. खरजेचे किडे कातडीच्या आत बोगदे करून राहतात, समुद्राचं पाणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. उलट मीठ अंगावर वाळलं की कातडी ओढली जाते आणि केसांत अडकलेली वाळू घासत राहते. पोहू द्या, त्याला आनंद होतो, व्यायाम होतो. पण घरी आल्यावर लगेच साध्या पाण्याने धुवा, बोटांमधली वाळू काढा. जाताना प्यायचं पाणी बरोबर न्या. खारं पाणी प्यायलेल्या कुत्र्याला उलट्या-जुलाब होतात.

पावसाळ्यात काय वेगळं करायचं?

कोरडं ठेवा, बाकी सगळं त्यानंतर. चार महिने ओल्या गोणपाटावर झोपलेल्या कुत्र्याला कितीही औषध दिलं तरी उपयोग होत नाही. गोणपाटाऐवजी जुन्या चादरीच्या दोन घड्या ठेवा, एक वाळत आणि एक वापरात, चुलीच्या किंवा बंबाच्या उबेला सुकवलेली. बाहेरून आला की पोट, काखा आणि पंजे पुसायचे. केस लांब असतील तर आगोटीच्या आधी पोटाखालचे कमी करून घ्या, सगळं अंग भादरू नका. लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लस त्याच सुमारास द्यायची असते, तीही विसरू नका.

खाण्याने कोंडा होतो का? आमचा तर घरचं जेवण जेवतो.

होतो, आणि आपल्या भागात सुक्या कोंड्याचं हे फार मोठं कारण आहे. बहुतेक घरी कुत्र्याच्या थाळीत काय असतं? भात, पेज, वर कालवणाचं पाणी, माशाचे काटे. पोट भरतं, पण कातडीला लागणारं त्यात फार थोडं. केस आणि कातडी प्रथिनांची बनलेली असते. भातात ती कमी. कातडीचा ओलावा धरून ठेवायला लिनोलिक आम्ल लागतं, आणि ते कुत्र्याला खाण्यातूनच मिळावं लागतं. आपल्या जेवणातला सगळा स्निग्धांश नारळाचा, आणि नारळाच्या तेलात हे आम्ल जेमतेम दोन टक्के. करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात ते निम्म्याहून जास्त. म्हणजे कुत्रा तेलात वाढलेला असतो आणि तरी त्याला हवं ते तेल मिळालेलं नसतं.

त्याच कालवणाच्या वाटपात कांदा आणि लसूण असतो. दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेले असले तरी. कोंड्यापुरतं नव्हे, एकूणच कालवण बंद करा.

मी सांगतो ते साधं आहे. भात निम्म्यावर आणा. त्याच्या जागी उकडलेलं अंडं, बिनमसाल्याची कोंबडी किंवा काटे काढून उकडलेला बांगडा, तारली. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर निकामी होतो, म्हणून मासा शिजवूनच. अंडंही शिजवूनच, कारण कच्चं पांढरं सतत दिलं तर बायोटिन कमी पडतं आणि त्यानेही कोंडा होतो. सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा देऊ नका, मीठ फार. दहा किलोच्या कुत्र्याला रोज चहाचा अर्धा ते एक चमचा करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल जेवणात कालवा, अर्ध्यापासून सुरू करा. कुत्रा लठ्ठ असेल किंवा त्याला आधी स्वादुपिंडाचा त्रास झाला असेल तर विचारल्याशिवाय नको. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे जातात.

वाढत्या पिल्लाला नुसती भाकरी-पेज घातली तर झिंकही कमी पडतं, कारण धान्यातलं फायटेट ते बांधून ठेवतं. पण झिंकच्या गोळ्या मनाने देऊ नका, जास्त झालं तर विषबाधा होते.

त्या आजींच्या काळ्या कुत्र्याचं कारण हेच निघालं. कातडी खरवडून पाहिली, किडा नाही, बुरशी नाही. तो आठ वर्षं पेजेवर जगत होता.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल द्याव्यात का?

खाज आणि सूज असेल तर उपयोग होतो. औषधांच्या दुकानातल्या साध्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये कामाचं ओमेगा-३ साधारण ३०० मिलिग्रॅमच असतं, म्हणून मात्रा वजनावर ठरवून घ्या. कॉड लिव्हर ऑइल मात्र वेगळी वस्तू आहे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, रोज दिलं तर ते अंगात साठतं.

रॉकेल, जळकं ऑइल, चुलीची राख, करंजेल?

मी सहावीत असताना आमच्या घरी मोती होता. त्याला लूत लागली. गावात ज्याने त्याने सांगितलं, गाडीचं जळकं ऑइल लाव, आठ दिवसांत केस येतील. मीच त्याला धरून ठेवलं होतं आणि मीच ब्रशने लावलं. तो रात्रभर अंग चाटत होता. चौथ्या दिवशी उठेना, सहाव्या दिवशी गेला. त्या वेळी आम्हाला वाटलं, लूत पोटात गेली. लूत पोटात जात नाही. ऑइल जातं.

रॉकेलने कातडी भाजते आणि वाफ फुप्फुसात जाते. राख क्षारधर्मी असते, ओल्या अंगावर चुरचुरते. करंजेल जनावरांना लावायची जुनी पद्धत आहे हे मला ठाऊक आहे, पण कुत्रा गायीपेक्षा कितीतरी जास्त चाटतो. लुतीवर आज खात्रीची औषधं आहेत.

गोठ्यातलं गोचिडांचं औषध कुत्र्याला मारलं तर चालेल का?

अजिबात नाही. ढोरांच्या फवाऱ्याचं प्रमाण ढोरांसाठी असतं. आयव्हरमेक्टिनचं ढोरांचं इंजेक्शन दहा-पंधरा किलोच्या कुत्र्याला अंदाजाने दिलं की मात्रा कित्येक पट होते, आणि कॉली जातीच्या किंवा त्या मिश्रणाच्या कुत्र्याला ते मेंदूत जाऊन मारू शकतं. कुत्र्यांसाठी महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी मिळते, तिने गोचीड, पिसवा आणि बहुतेक खरजेचे किडे जातात. फिट येणाऱ्या कुत्र्याला ती देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा.

गोचीड बोटांनी चिरडू नका. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माणसांना होणारा माकडताप माहीत आहे, तो रानातल्या गोचिडांमुळे होतो. घरच्या कुत्र्यावरची नेहमीची गोचीड वेगळी, पण रानात फिरून आलेल्या कुत्र्यावर कोणती चढली हे आपल्याला ओळखता येत नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका.

आम्हाला किंवा मुलांना लागेल का?

साधा कोंडा, बुरशीचा तेलकट कोंडा, खाण्यामुळे झालेला कोंडा एरवी लागत नाही. खरूज आणि चालता कोंडा यांचे किडे माणसाला चावतात, पण कुत्रा बरा झाला की आपलं पुरळही जातं. गजकर्ण मात्र खरोखर लागतं. गोल टक्कल, कडेला खपली दिसली तर मुलांना जवळ झोपू देऊ नका.

सात-आठ वर्षांची कुत्री आहे. खाज नाही, पण कोंडा आहे आणि सुस्तावली आहे.

थायरॉइड तपासा. कमी खाऊनही वजन वाढणं, सारखी ऊब शोधणं, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होणं, शेपटी उंदराच्या शेपटीसारखी उघडी पडणं, ही त्याची चिन्हं. रक्ताच्या तपासणीत कळतं, गोळी रोज आणि जन्मभर घ्यावी लागते, पण कुत्री पुन्हा धावायला लागते.

काही जातींना जन्मतःच असतो का?

हो. कॉकर स्पॅनियलला तेलकट कोंडा, गोल्डन रिट्रीव्हरला लहानपणापासून मोठे पापुद्रे, हस्कीला झिंक कमी पडण्याचा त्रास. हे आटोक्यात ठेवता येतं, मुळातून जात नाही. विकत घेण्याआधी पिल्लाच्या आईची कातडी बघा.

दवाखान्यात कधी न्यायचं आणि तिथे काय करतील?

खाज झोप मोडेल इतकी असेल, केस जात असतील, वास येत असेल, पुटकुळ्या असतील, कुत्रा खात नसेल, किंवा खाणं आणि आंघोळ सुधारून चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर न्या. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही कुत्री तपासतात. जाताना दोन दिवस आधीपासून आंघोळ आणि तेल बंद ठेवा, नाहीतर तपासायला काही उरत नाही.

कातडी पात्याने हलकी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आणि चिकटपट्टी लावून बुरशी बघणं, या दोन तपासण्या स्वस्त आहेत आणि अर्ध्याहून जास्त उत्तरं तिथेच मिळतात. त्या केल्या का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. न तपासता दिलेल्या स्टेरॉइडच्या सुईने खाज रात्रीत थांबते, घरचे खूश होतात, आणि आत खरूज किंवा गजकर्ण असेल तर ते पसरतं. स्टेरॉइड वाईट नाही, पण निदानानंतर. गुंतागुंतीचं असेल तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येतं.

कुत्र्याची औषधं घरातल्या मांजरीला चालतील का?

नाही. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजरीला मारतं. थेंब टाकल्यावर सुकेपर्यंत दोघांना एकत्र झोपू देऊ नका. मांजरीला थरथर सुटली तर वाट न बघता, ज्या औषधाने झालं त्याचं खोकं हातात घेऊनच, दवाखाना गाठा.